आधी किमान खर्चाची अट, मग विजयांचा अंदाज

अमेरिकेतल्या पिट्सबर्गला फेब्रुवारीत थंडी कडाक्याची असते. पण पायरेट्स या इथल्या बेसबॉल संघाचे पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) फ्लोरिडात ब्रेडन्टनला सरावाला पोचले, की गावात एकच विषय सुरू होतो: यंदा किती? 162 सामन्यांपैकी आपला संघ किती जिंकणार? ऑफिसच्या लिफ्टमध्ये, केस कापायच्या दुकानात, मुलांच्या लिटल लीगची नावनोंदणी करायला जमलेल्या आईबापांत हाच वाद. इथल्या मराठी घरांतही तो शिरला आहे, कारण आमची मुलं याच मैदानाच्या कडेनं वाढली. पुण्या-नाशिकहून आलेले आजी-आजोबा पहिले दोन आठवडे नियम विचारतात आणि तिसऱ्या आठवड्यात स्वतःचं मत देऊ लागतात.

2025 मध्ये पायरेट्सनी 71 सामने जिंकले, 91 हरले. त्याआधीच्या दोन्ही वर्षी 76 जिंकले होते. 2026 च्या हंगामाबद्दल गावात दोन तट आहेत. एक म्हणतो, यंदा 85 होतील, प्लेऑफ नक्की. दुसरा म्हणतो, दरवर्षी हेच ऐकतो, पुन्हा सत्तरीतच अडकणार. पहिल्या तटाला दुसरा भाबडा म्हणतो, दुसऱ्याला पहिला रडका म्हणतो आणि वाद स्वभावावर जातो. मला वाटतं, इथेच आपली फसगत होते. या वादातल्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर मैदानावर मिळतच नाही. मालक किती खर्च करणार, आणि नाही केला तर त्याला जाब कोण विचारणार, हे ठरल्याशिवाय विजयांचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. चाहत्यांनी आशा जरूर ठेवावी. पण त्यांची पहिली मागणी अशी हवी की या खेळात प्रत्येक संघावर किमान पगारखर्चाची सक्ती व्हावी.

आधी आशेची बाजू मांडतो, कारण ती भाबडी नाही.

पॉल स्कीन्स हा पायरेट्सचा पिचर. 2023 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडलेला, मे 2024 मध्ये पदार्पण, त्याच वर्षी नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) सर्वोत्तम नवोदित. 2025 मध्ये त्यानं दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी 1.97 धावा दिल्या, 216 बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे निव्वळ आपल्या चेंडूंवर बाद केले, आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमतानं मिळवला. आणि त्याच हंगामात त्याच्या नावावर विजय दहा, पराभव दहा! पिचरच्या खात्यात विजय पडायचा तर त्याच्या संघानं धावा करायला लागतात. 18 मे 2025 चा फिलाडेल्फियातला सामना आठवा. स्कीन्सनं आठही इनिंग एकट्यानं टाकल्या (यजमान पुढे असल्यानं नववी टाकावीच लागली नाही). दिले तीन हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके), स्ट्राइकआउट केले नऊ, धाव गेली एक. त्या एका धावेवर सामना गेला, 1-0. आठ इनिंग टाकून मान खाली घालून डगआउटकडे येणारा तो तेविशीलाही न पोचलेला मुलगा ज्यांनी टीव्हीवर पाहिला, त्यांना पायरेट्सची अडचण समजावून सांगायला नको.

अडचण बॅटिंगची आहे. गेल्या हंगामात पायरेट्सनी 583 धावा केल्या, तीसही संघांत सर्वांत कमी. म्हणजे सामन्याला साडेतीनच्या थोड्या वर. होमरन (थेट कुंपणापलीकडे जाणारे फटके) 117, तेही सर्वांत कमी. पिचिंग मात्र चांगल्यांपैकी होतं. अशा संघाला सुधारणं त्या मानानं सोपं असतं, कारण नेमकं कुठे दुखतंय ते कळलेलं असतं. हिवाळ्यात संघानं टॅम्पाकडून ब्रँडन लोव घेतला, गेल्या वर्षी 31 होमरन मारलेला. रायन ओहर्न या अनुभवी डावखुऱ्या बॅटरला दोन वर्षांसाठी करारबद्ध केलं. 2025 मध्ये खालच्या लीगमध्ये कॉनर ग्रिफिन नावाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) तयार झाला, तेव्हा विशीही न गाठलेला, आणि देशभरातले जाणकार त्याला उद्याच्या सर्वोत्तम खेळाडूंत धरतात.

गणितही आशावाद्यांच्या बाजूनं आहे. 2022 पासून प्लेऑफला बारा संघ जातात. आमच्याच गटातला सिनसिनाटी गेल्या वर्षी 83 विजयांवर आत गेला. ॲरिझोना 2023 मध्ये 84 विजयांवर आत शिरला आणि थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत पोचला. 71 वरून 83 म्हणजे बारा सामन्यांचा फरक. महिन्याला दोन जास्त जिंकले की झालं. बॅटिंग नुसती मध्यम दर्जाची झाली तरी हे घडू शकतं. त्यामुळे 85 म्हणणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही.

आता दुसऱ्या तटाचं ऐका. हे लोक रडके नाहीत, त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे.

पायरेट्सनी शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली 1979 मध्ये. 1992 मध्ये अटलांटात नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना नवव्या इनिंगपर्यंत हातात होता. फ्रान्सिस्को काब्रेरानं हिट मारला, सिड ब्रीम होमप्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते तिथे, घसरत पोचला आणि सगळं संपलं. ब्रीम हा पायरेट्सचाच जुना खेळाडू, याचा सल पन्नाशीच्या पुढच्या माणसांना अजून आहे. त्या हिवाळ्यात बॅरी बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्यानंतर 1993 ते 2012, सलग वीस हंगाम या संघानं जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरले. अमेरिकेच्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात इतकी लांब रांग दुसऱ्या कुणाची नाही. या वीस वर्षांच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं कॉलेजला गेली तरी त्यांनी आपला संघ जिंकणारा पाहिला नव्हता.

मग 1 ऑक्टोबर 2013 ची रात्र आली. सिनसिनाटीविरुद्ध बाद फेरीचा एकच सामना. एकवीस वर्षांनी या गावात प्लेऑफ. काळे कपडे घालून चाळीस हजार माणसं समोरच्या पिचरचं नाव लांबवत ओरडत होती: क्वे-टो! त्याच्या हातून चेंडू निसटून खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिननं होमरन मारला. तो आवाज नदीपलीकडे डाउनटाउनमध्ये ऐकू गेला असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. 2014 आणि 2015 मध्येही संघ प्लेऑफला गेला. 2015 मध्ये तर 98 सामने जिंकले, पण गटात सेंट लुईसचे 100 होते, म्हणून पुन्हा एका सामन्याचं नशीब आणि त्यात शिकागोकडून 4-0 हार.

98 सामने जिंकणारा संघ हातात असताना मालक काय करतो, हा खरा प्रश्न होता. आणखी दोन खेळाडू घेऊन ती दोन-तीन वर्षं साधायची, की खर्च आवरायचा? खर्च आवरला गेला. जानेवारी 2018 मध्ये दोन दिवसांच्या अंतरानं पिचर गेरिट कोल आणि गावाचा लाडका अँड्र्यू मॅककचन, दोघंही दुसऱ्या संघांना देऊन टाकले. तेव्हापासून 2025 पर्यंत प्लेऑफ नाही. म्हणून रडका म्हणवला जाणारा माझा शेजारी, निवृत्त माणूस, 1979 चा संघ मैदानात जाऊन पाहिलेला, मला म्हणतो, "स्कीन्स 2029 च्या हंगामानंतर मोकळा होईल. तोवर आपण त्याच्याभोवती संघ बांधणार, का तो जाईपर्यंत दिवस मोजणार, एवढंच मला सांग." याचं उत्तर मला देता येत नाही. ग्रिफिनच्या बॅटिंगचे कितीही आकडे दाखवले तरी ते त्या प्रश्नाचं उत्तर होत नाहीत.

कारण ते उत्तर पैशाच्या रचनेत आहे. ही रचना आपल्या वाचकांना अनोळखी असेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मेजर लीग बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण पगारखर्चाला वरची कडक मर्यादा नाही आणि खालचीही नाही. वर फक्त एक उंबरठा आहे, 2025 मध्ये तो 24.1 कोटी डॉलर होता. तो ओलांडला तर कर भरायचा, पण ओलांडायला बंदी नाही. लॉस एंजेलिस डॉजर्सनी शोहेई ओहतानीला दहा वर्षांसाठी 70 कोटी डॉलर कबूल केले, न्यूयॉर्क मेट्सनी हुआन सोटोला पंधरा वर्षांसाठी 76.5 कोटी. 2025 पर्यंत पायरेट्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार होता ब्रायन रेनॉल्ड्सचा, आठ वर्षांचे मिळून 10 कोटी 67 लाखांच्या आसपास. डॉजर्सनी 2025 साठी भरलेला नुसता कर सुमारे 17 कोटी डॉलर होता. पायरेट्सचा सगळ्या संघाचा वर्षाचा पगारखर्च नऊ कोटींच्या घरात होता.

हे वाचून कुणीही म्हणेल, लहान गावाचा संघ बिचारा काय करणार? पण थांबा. लहान गावांच्या संघांना हात द्यायची तरतूद आधीच आहे. प्रत्येक क्लबच्या स्थानिक उत्पन्नाचा 48 टक्के भाग एका सामायिक निधीत जातो आणि तो तीसही क्लबांत सारखा वाटला जातो. त्यातून मोठ्या शहरांचा पैसा लहान शहरांकडे येतो. राष्ट्रीय टीव्हीचे पैसे वेगळे, तेही सगळ्यांना सारखे. हा पैसा मैदानावरची कामगिरी सुधारण्यासाठी वापरावा असं खेळाडू आणि मालक यांच्यातल्या करारात लिहिलेलं आहे. पण "वापरावा" म्हणजे नेमका किती आणि कशावर, याची तपासणी ढिली आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये खेळाडूंच्या युनियननं याच मुद्द्यावर चार क्लबांविरुद्ध तक्रार दाखल केली, त्यात पायरेट्स होते. ती तक्रार वर्षानुवर्षं रेंगाळली. त्याच्याही आधी, 2010 मध्ये, काही क्लबांचे आर्थिक ताळेबंद बाहेर फुटले होते. संघ तळाशी घुटमळत असताना 2007 आणि 2008 या दोन वर्षांत मिळून पायरेट्सनी सुमारे 2.9 कोटी डॉलर नफा केल्याचं त्यात दिसलं. 2007 पासून बॉब नटिंग हे क्लबचे प्रमुख मालक आहेत. नफा करणं गुन्हा नाही. पण हरण्यातून खात्रीचा नफा मिळत असेल तर जिंकण्यासाठी धोका कोण पत्करील?

आयपीएलशी तुलना करून पाहा. 2025 च्या हंगामाआधीच्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला 120 कोटी रुपयांची वरची मर्यादा होती आणि त्यातले किमान 75 टक्के, म्हणजे 90 कोटी, खर्च करायलाच लागत होते. वानखेडेवर बसणारा प्रेक्षक मुंबईवर कितीही चिडला तरी संघमालक पैसे खिशात घालून बसला आहे असं त्याला म्हणता येत नाही. तो निवडीवर चिडतो, कर्णधारावर चिडतो. चाहत्यांचा वाद खेळापुरता राहतो.

आणि इतकं लांब कशाला जायचं? पिट्सबर्गमध्येच पाहा. अमेरिकन फुटबॉलचे स्टीलर्स सहा सुपर बोल जिंकले. आइस हॉकीचे पेंग्विन्स पाच वेळा स्टॅनली कप घेऊन आले, शेवटचे दोन 2016 आणि 2017 मध्ये. गाव तेच, लोकसंख्या तीच, नद्या त्याच तीन. फरक एवढाच की त्या दोन्ही लीगमध्ये पगारखर्चाला वर छत आहे आणि खाली जमीन आहे. तिथे कमी खर्च करून बसायची मुभाच नाही. "पिट्सबर्ग लहान आहे" हे कारण मी म्हणूनच मान्य करत नाही. लहान गावातही जिंकता येतं, हे या गावानं करून दाखवलं आहे.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो वजनदार आहे: पैशानं विजय विकत मिळत नाहीत. 2025 मध्ये संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक, 97, सामने जिंकले ते मिलवॉकीनं, आणि मिलवॉकी पिट्सबर्गसारखंच छोटं मार्केट. टॅम्पा बे कमी पगारात दोनदा वर्ल्ड सिरीजला पोचलं, 2008 आणि 2020 मध्ये. उलट मेट्स एवढा खर्च करून गेल्या वर्षी प्लेऑफच्या बाहेर राहिले. हे सगळं खरं आहे. मिलवॉकीकडून खेळाडू कसे हेरायचे आणि घडवायचे ते पायरेट्सनी शिकलंच पाहिजे, ती त्यांची जबाबदारी आहे. पण हेही पाहा की ऑक्टोबरमध्ये त्याच मिलवॉकीला डॉजर्सनी सलग चार सामन्यांत घरी पाठवलं. हुशारीनं उन्हाळ्यातला नियमित हंगाम निघतो, ऑक्टोबरच्या प्लेऑफला राखीव खेळाडूंपर्यंत दमदार संघ लागतो. कॅन्सस सिटीचं उदाहरण मला जास्त पटतं. 2023 मध्ये ते 106 सामने हरले. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी आपल्या तरुण बॉबी विट ज्युनियरला अकरा वर्षांसाठी सुमारे 29 कोटी डॉलरचा करार दिला, शिवाय पिचर विकत घेतले. 2024 मध्ये 86 विजय आणि प्लेऑफ. मार्केट पिट्सबर्गपेक्षा मोठं नाही. मालकानं ठरवलं, एवढंच.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. संघ ही खाजगी मालमत्ता, मालक आपल्या पैशाचं काय वाटेल ते करील, सक्ती करणारे तुम्ही कोण? मालकानं मैदानही स्वतःच्या पैशानं बांधलं असतं तर या आक्षेपाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. इतिहास वेगळा आहे. नोव्हेंबर 1997 मध्ये पिट्सबर्ग आणि आसपासच्या अकरा काउंटींतल्या मतदारांना विचारलं होतं की नव्या स्टेडियमांसाठी विक्रीकर अर्धा टक्का वाढवायचा का. लोकांनी ठणकावून नाही सांगितलं. पुढाऱ्यांनी त्यावर दुसरी योजना आणली, आधीपासून गोळा होत असलेल्या विक्रीकराच्या निधीतून आणि राज्याकडून पैसा उभा केला आणि 2001 मध्ये पीएनसी पार्क उघडलं. बांधकामाचा बहुतांश पैसा जनतेचा. आजही त्याची मालकी स्पोर्ट्स अँड एक्झिबिशन ऑथॉरिटी या सार्वजनिक संस्थेकडे आहे. लोकांनी मतपेटीतून नाकारलेला खर्च लोकांच्याच पैशातून झाला, आणि त्या वास्तूत चालणाऱ्या धंद्याबद्दल बोलायचा हक्क मात्र लोकांना नाही, हे मला पटत नाही. मैदान देखणं आहे यात शंका नाही. तिसऱ्या बेसच्या मागे वरच्या मजल्यावर बसलं की उजव्या भिंतीपलीकडे अलेगेनी नदी, पिवळा क्लेमेंटे पूल आणि मागे उंच इमारती दिसतात. अमेरिकेत याहून सुंदर मैदान मला माहीत नाही. पाहुण्यांना आम्ही तिथे अभिमानानं नेतो.

तिसरा आक्षेप रोजच्या बोलण्यातला: एवढा राग आहे तर जाऊ नका, तिकीट काढू नका, मालक आपोआप ताळ्यावर येईल. हे ऐकायला सोपं आहे. पण वर सांगितलेली रचना पुन्हा नजरेसमोर आणा. क्लबचा मोठा पैसा सामायिक निधीतून आणि राष्ट्रीय टीव्हीतून येतो, तो खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी येतो. बहिष्काराची झळ पहिल्यांदा लागते ती पॉपकॉर्न विकणाऱ्या पोराला, पार्किंगवाल्याला, आणि ज्याच्या मुलाला स्कीन्स पाहायचाय त्या बापाला. ओकलँडच्या चाहत्यांनी उलटा मार्ग करून पाहिला. 13 जून 2023 ला ते ठरवून मैदानात आले, 27,759 जण, आणि मालकानं संघ विकावा म्हणून गर्जना केल्या. देशभर त्याची बातमी झाली. तरी 26 सप्टेंबर 2024 ला ओकलँडमध्ये शेवटचा सामना झाला आणि संघ सॅक्रामेंटोला निघून गेला. आता पुढे लास वेगास. मैदानात येऊन ओरडल्यानं मालक बदलत नाही, न येऊनही बदलत नाही. ज्या नियमांच्या आड तो उभा आहे ते नियम बदलावे लागतात.

ओकलँडच्याच गोष्टीत या म्हणण्याचा पुरावा आहे. गाव सोडल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्या क्लबनं अचानक हात सैल केला, पिचर लुईस सेव्हेरिनोला तीन वर्षांसाठी 6.7 कोटी डॉलर दिले. त्यामागचं कारण तेव्हा उघडपणे चर्चिलं गेलं: सामायिक निधीतून मिळणाऱ्या वाट्याच्या साधारण दीडपट तरी पगारखर्च दाखवला नाही, तर युनियनच्या तक्रारीत क्लबलाच आपली बाजू सिद्ध करावी लागते. चाहत्यांच्या गर्जनेनं जे झालं नाही ते कराराच्या एका कलमानं झालं. म्हणून मला ते कलम धारदार हवं आहे. तक्रार, सुनावणी, वर्षानुवर्षांची दिरंगाई यांची गरजच पडू नये. ठरलेला किमान खर्च झाला नाही तर फरकाची रक्कम पुढच्या वर्षीच्या वाट्यातून आपोआप कापावी आणि खेळाडूंत वाटून टाकावी.

खेळाडू आणि मालक यांच्यातला करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो. मालकांना वरचं छत हवं आहे, युनियनला ते अजिबात नको आहे. याच छतावरून 1994-95 मध्ये 232 दिवस संप झाला आणि 1994 ची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. यंदाही टाळेबंदीची भीती आहेच. या भांडणात लहान गावांचे बरेच चाहते डॉजर्सवरच्या रागापोटी मालकांच्या बाजूला झुकताना दिसतात: छत घाला, म्हणजे सगळे सारखे होतील. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, इतक्यावर समाधान मानू नका. छत डॉजर्सचा हात धरील, पायरेट्सच्या मालकाचा हात खिशातून बाहेर काढणार नाही. जमिनीशिवाय नुसतं छत घातलं तर वाचलेला पैसा मालकांकडेच राहील. 2021 च्या वाटाघाटीत मालकांनी स्वतःच दहा कोटी डॉलरची खालची अट सुचवली होती, पण तिच्या बदल्यात कराचा उंबरठा 18 कोटींवर आणायचा होता. युनियननं ते नाकारलं. त्यांची शंका मी समजू शकतो. पण कल्पना मालकांच्याच टेबलावरून आलेली आहे, अशक्य म्हणून ती उडवून लावता येणार नाही.

सक्ती केली तर मालक कसेही पैसे उधळून आकडा गाठतील, थकलेल्या खेळाडूंना जास्त पैसे देतील, असंही म्हटलं जातं. देतील काही जण. पण आकडा गाठायचाच आहे म्हटल्यावर सर्वांत शहाणा मार्ग कोणता असेल? घरात तयार झालेल्या खेळाडूला वेळेवर लांबचा करार देणं. 2025 मध्ये, साय यंगच्या वर्षात, स्कीन्सचा मूळ पगार दहा लाख डॉलरच्याही आत होता, कारण नव्या खेळाडूंचे नियमच तसे आहेत. खालची अट असती तर अशा खेळाडूला आजच दहा वर्षांसाठी बांधून ठेवणं क्लबच्याच फायद्याचं झालं असतं.

हे सगळं पैशाचं बोलणं काहींना रुक्ष वाटेल. पण हा राग नुसत्या पैशाचा नाही. 2025 च्या हंगामाच्या सुरुवातीला काय झालं ते पाहा. पीएनसी पार्क बांधताना चाहत्यांनी पैसे भरून स्वतःच्या नावाच्या विटा मैदानाबाहेरच्या वाटेवर बसवल्या होत्या. कुणी वडिलांच्या स्मरणार्थ, कुणी पहिल्या मुलाच्या नावानं. त्या विटा काढल्या गेल्या आणि मग त्यांचे फोटो पुनर्वापराच्या ढिगाऱ्यात सापडले. त्याच सुमाराला उजव्या भिंतीवरची रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या 21 क्रमांकाची खूण झाकून तिथे दारूची जाहिरात लावली गेली. 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान समुद्रात कोसळून क्लेमेंटे गेले. नेमके 3000 हिट त्यांच्या नावावर आहेत. ती भिंत त्यांच्या सन्मानार्थ 21 फूट उंच बांधली आहे. लोक संतापल्यावर खूण परत आली, क्लबनं माफी मागितली. पण त्याच एप्रिलमध्ये, घरच्या पहिल्या सामन्याला, स्टँडमधून "संघ विका" असा घोष झाला तो काही एका जाहिरातीसाठी नव्हता. आपण जे जपतो त्याची इथे कुणाला पर्वा नाही, हे लोकांना कळून चुकलं होतं.

या गावात भारतीयांनाही या संघाबद्दल एक हळवा धागा आहे. 2008 मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पायरेट्सनी करारबद्ध केलं, अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवणारे ते पहिले भारतीय. मेजर लीगपर्यंत ते पोचले नाहीत. पण भारतातल्या किती तरी घरांनी पायरेट्सचं नाव पहिल्यांदा तेव्हाच ऐकलं. जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन हात शोधायची कल्पकता या क्लबकडे आहे. मग हाती आलेला हात राखायची तयारी का नसावी?

माझा स्वतःचा अंदाज विचाराल तर 2026 साठी मी 82 म्हणेन. लोव आणि ओहर्न मिळून सामन्याला अर्धी धाव वाढवतील, पिचिंग टिकेल आणि सप्टेंबरपर्यंत प्लेऑफची चर्चा सुरू राहील. हा आकडा दहानं चुकला तरी मागणीत फरक पडत नाही. संघ 90 जिंकला तर लोक ती विसरतील, याचीच मला जास्त काळजी वाटते. 2015 मध्ये 98 विजयांच्या आनंदात आपण तेच केलं होतं.

डिसेंबरच्या वाटाघाटींच्या टेबलावर चाहत्यांना खुर्ची नाही, हे उघड आहे. पण पीएनसी पार्कचा भाडेकरार या दशकाच्या अखेरीस नव्यानं करावा लागणार आहे, आणि ते टेबल आपलं आहे. क्लब तेव्हा दुरुस्तीसाठी, नव्या स्क्रीनसाठी, नव्या बॉक्ससाठी जनतेचा पैसा मागेल. काउंटीच्या आणि शहराच्या प्रतिनिधींनी त्या दिवशी दोन अटी घालाव्यात. क्लबनं दरवर्षी आपला ताळेबंद उघड करावा. आणि लीगनं किमान खर्चाची अट घातली नसेल, तर भाडेकरारातच ती घालावी: पगारखर्च ठरलेल्या रकमेखाली गेला तर त्या वर्षीचं भाडं वाढेल. पुढच्या निवडणुकीत दारावर येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला याबद्दल विचारायचं, असं आमच्या गल्लीत आम्ही ठरवलं आहे. 85 म्हणणारेही त्यात आहेत आणि 72 म्हणणारेही.